विश्लेषण : छोटे विमान रात्री जमिनीवर चालवणे अवघड का? पाच तासांच्या प्रशिक्षणात काय राहून जाते?

गणेशोत्सव जवळ आला की परळच्या कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती बाहेर पडू लागतात. लालबाग, चिंचपोकळी, गिरगावच्या दिशेने निघालेली आगमन मिरवणूक रात्री उशिरापर्यंत रेंगाळते. ट्रॉली ओढणाऱ्याला मूर्तीचा मुकुट दिसत नाही, हात कुठे संपतो तेही दिसत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना कार्यकर्ते चालतात, कोणी बांबूने वायर उचलून धरतो, कोणी झाडाच्या फांदीवर लक्ष ठेवतो. कोणीही ‘थांब’ म्हणून ओरडले की सगळे जागच्या जागी थांबते. पाच मिनिटे वाया गेली म्हणून त्याला कोणी बोल लावत नाही.

छोट्या विमानाचा वैमानिक रात्री पार्किंगमधून धावपट्टीकडे निघतो, तेव्हा त्याचीही गत अशीच असते. पंखांची टोके अंधारात, पुढचा रस्ता अनोळखी आणि वेग अगदी कमी. फरक इतकाच, की बाजूने चालणारे कार्यकर्ते नसतात आणि ‘थांब’ त्याने स्वतःच स्वतःला म्हणायचे असते. हे म्हणायला शिकवण्यात आपले वैमानिक प्रशिक्षण कमी पडते का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

‘टॅक्सीइंग’ म्हणजे नेमके काय?

विमान स्वतःच्या इंजिनाच्या ताकदीवर जमिनीवर चालते, त्याला टॅक्सीइंग म्हणतात. पार्किंगच्या जागेला एप्रन, तिथून धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या रस्त्याला टॅक्सीवे म्हणतात. उड्डाणापूर्वी आणि उतरल्यानंतर, असे दोनदा हे करावे लागते.

विमान हवेत उडण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. जमिनीवर ते अवघडल्यासारखेच चालते. प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ या चार आसनी विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११ मीटर आहे. म्हणजे बेस्टची मोठी बस रस्त्यात आडवी धरून चालवण्यासारखा हा प्रकार. वैमानिक मध्ये बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच मीटरचा पंख असतो. वळण पायांनी, रडरच्या पेडलने घ्यायचे. पेडलचा वरचा भाग दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. रिव्हर्स गिअर नसतो. चुकीच्या टॅक्सीवेवर शिरले आणि वळायला जागा नसेल, तर इंजिन बंद करून विमान हाताने ढकलण्याशिवाय इलाज उरत नाही.

अंधारात काय बदलते?

पहिली गोष्ट वेग. दिवसा बाजूचे गवत, फलक, इमारती मागे सरकताना दिसतात आणि त्यावरून वेगाचा अंदाज येतो. रात्री हे संदर्भ नाहीसे होतात. आपण सावकाश चाललो आहोत असे वाटत असते आणि प्रत्यक्षात वेग वाढलेला असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेल्या विमानाच्या वैमानिकाने पाच सेकंद मान खाली घालून यादी वाचली, तर तेवढ्यात विमान सुमारे २८ मीटर पुढे गेलेले असते.

दुसरी गोष्ट अंतर. अंधारात एकटा दिवा जवळ आहे की दूर, हे डोळ्यांना नीट सांगता येत नाही. समोरचा पांढरा दिवा उभ्या विमानाच्या शेपटीचा आहे, की दूरच्या खांबाचा, हे काही क्षण कळत नाही.

तिसरी गोष्ट डोळे. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो. ही सवय एका क्षणात मोडते. कोणी मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर मारला, एप्रनवरच्या प्रखर दिव्याकडे पाहिले, किंवा पूर्ण उजेडावर ठेवलेली टॅबलेटची स्क्रीन समोर आली, की पुन्हा सुरुवात.

चौथी गोष्ट सर्वांत फसवी आहे. उड्डाणापूर्वी ब्रेक लावून, इंजिनाचा वेग वाढवून त्याची तपासणी करतात. तिला रन-अप म्हणतात. त्या वेळी ब्रेक पूर्ण लागला नसेल तर विमान हळूहळू पुढे सरकते. दिवसा हे लगेच लक्षात येते. रात्री वैमानिकाची नजर आतल्या काट्यांवर असते, बाहेर काळोख असतो आणि विमान सरकते आहे हे त्याला जाणवतही नाही.

जमिनीवरचे दिवे काय सांगतात?

विमानतळावर दिव्यांची एक भाषा आहे आणि ती जगभर जवळपास सारखी आहे. टॅक्सीवेच्या दोन्ही कडांना निळे दिवे असतात. मोठ्या विमानतळांवर टॅक्सीवेच्या मधोमध हिरवे दिवे असतात. धावपट्टीच्या कडांना पांढरे दिवे आणि शेवटाला लाल. सोपा ठोकताळा असा : दोन्ही बाजूंना निळे दिसत असतील तर टॅक्सीवे, पांढरे दिसू लागले तर धावपट्टी.

फलकांनाही रंग आहेत. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर म्हणजे ‘तुम्ही इथे आहात’. पिवळ्या पाटीवर काळे अक्षर म्हणजे ‘तो रस्ता तिकडे आहे’. लाल पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे पुढे धावपट्टी आहे, परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही.

त्या लाल पाटीजवळ जमिनीवर चार पिवळ्या रेषा आखलेल्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा आपल्या बाजूला असतील तर थांबायचे. काही विमानतळांवर तिथे आळीपाळीने लुकलुकणारे पिवळे दिवे असतात. काही ठिकाणी रस्त्यावर आडवी लाल दिव्यांची रांग असते, तिला स्टॉप बार म्हणतात. ती पेटलेली असताना कोणीही ओलांडायची नसते.

कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात छोट्या विमानातला माणूस जमिनीपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंचीवर बसलेला असतो. त्या उंचीवरून निळ्या दिव्यांच्या रांगा एकमेकींत मिसळतात आणि वळण नेमके कुठे आहे ते कळेनासे होते. जहाजासारख्या उंच कॉकपिटमध्ये बसणाऱ्या मोठ्या विमानाच्या वैमानिकाला जी नक्षी दिसते, ती छोट्या विमानातून दिसत नाही. छोट्या धावपट्ट्यांवर तर हिरवे दिवे आणि स्टॉप बार नसतातच.

निघण्यापूर्वी वैमानिकाने काय करायचे?

रात्रीच्या टॅक्सीइंगचा अर्धा भाग इंजिन सुरू होण्याआधी संपतो. विमानाभोवती टॉर्च घेऊन फेरी मारायची. चाकांपुढचे ठोकळे, बांधलेले दोर, ओढण्याची दांडी काढली आहे का ते पाहायचे. सगळे दिवे लावून तपासायचे : डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. काच आतून-बाहेरून पुसायची, कारण दिवसा न दिसणारा ओरखडा रात्री समोरच्या दिव्याने पसरट चमकतो.

मग विमानतळाचा नकाशा समोर घेऊन, कोणत्या टॅक्सीवेने जायचे, वाटेत किती वळणे आहेत, कुठे धावपट्टी ओलांडावी लागेल, हे बोटाने गिरवायचे. नियंत्रण कक्षाने दिलेला मार्ग कागदावर लिहून घ्यायचा आणि जसाच्या तसा परत वाचून दाखवायचा. ‘धावपट्टीच्या अलीकडे थांबा’ ही सूचना तर शब्दशः परत सांगावीच लागते.

आतले दिवे मंद ठेवायचे. इंजिन सुरू करण्याआधी लाल बीकन लावायचा, म्हणजे आसपासच्या माणसांना कळते. रात्री फिरता प्रॉपेलर दिसत नाही. तो दिवसाही नीट दिसत नाही, पण रात्री तो नसल्यासारखाच असतो. म्हणून प्रवासी चढताना किंवा उतरताना इंजिन बंद, हा नियम रात्री कोणत्याही घाईसाठी मोडायचा नाही.

चालताना कोणती पथ्ये?

विमान हलले की पहिल्या काही फुटांतच ब्रेक दाबून पाहायचा. वेग चालणाऱ्या माणसाएवढा, मोकळ्या सरळ रस्त्यावर फार तर भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. त्याचे गणित साधे आहे : टॅक्सी लाइटच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात विमान थांबले पाहिजे. वळणावर आणखी सावकाश जायचे, कारण दिवा विमानाच्या नाकाच्या दिशेने उजेड टाकतो, वळायचे तिथला कोपरा अंधारातच राहतो.

नाकाचे चाक पिवळ्या मधल्या रेषेवर ठेवायचे. रेषा सुटली तर पंख कुठे जाईल याची खात्री नाही. समोरून दुसरे विमान येत असेल तर त्याच्या वैमानिकाचे डोळे दिपणार नाहीत, अशा बेताने दिवा वापरायचा. पंखांवरचे लखलखणारे स्ट्रोब दिवे टॅक्सीवेवर बंद आणि धावपट्टीवर शिरताना सुरू ठेवणे ही चांगली सवय मानली जाते.

यादी वाचायची असेल, रेडिओची वारंवारिता बदलायची असेल, नकाशा पाहायचा असेल, तर आधी थांबायचे. धावपट्टी ओलांडताना परवानगी मिळालेली असली तरी दोन्ही बाजूंना पाहायचे, उतरणारे कोणी आहे का ते.

आणि जागेबद्दल जरा जरी शंका आली, तर धावपट्टीपासून दूर असताना तिथेच थांबायचे आणि नियंत्रण कक्षाला सांगायचे : मला माझी जागा कळत नाही. अशा वेळी नियंत्रक एकेक वळण सांगत पुढे नेऊ शकतो. मोठ्या विमानतळांवर ‘फॉलो मी’ असे लिहिलेली गाडीही पाठवली जाते. यात कमीपणा काही नाही. पण नवख्या मुलाला सर्वांच्या कानांवर जाणाऱ्या रेडिओवर हे वाक्य बोलणे सगळ्यात जड जाते.

चुकीची किंमत किती?

चालण्याच्या वेगात काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. टॅक्सीइंगमधली चूक सहसा पंख घासण्यावर किंवा चाक गवतात जाण्यावर निभावते. मात्र तीच चूक धावपट्टीपर्यंत पोहोचली, की समोर ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने येणारे विमान असू शकते. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात, २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरचा, जमिनीवरच झाला. दाट धुक्यात दोन जम्बो विमाने एकाच धावपट्टीवर आली आणि ५८३ जणांचा मृत्यू झाला.

अंधारातली उदाहरणे तीन. १ फेब्रुवारी १९९१ रोजी संध्याकाळी लॉस एंजेलिसला १२ जण असलेले एक छोटे मेट्रोलाइनर विमान धावपट्टीवर उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहत उभे होते. नियंत्रकाला त्याचा विसर पडला आणि त्याच धावपट्टीवर बोइंग ७३७ ला उतरू दिले गेले. बोइंगच्या वैमानिकांना ते छोटे विमान शेवटच्या क्षणापर्यंत दिसले नाही, कारण त्याचे दिवे धावपट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले होते. एकूण ३५ जण गेले.

२७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला पहाटेच्या अंधारात एक प्रवासी जेट उड्डाणासाठी निघाले. जायचे होते सुमारे २,१०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर. वैमानिकांनी वळण चुकवले आणि जवळपास निम्म्या लांबीच्या, दिवे नसलेल्या धावपट्टीवरून उड्डाण सुरू केले. दिवे नाहीत हे सहवैमानिकाने बोलूनही दाखवले होते. पण विमान थांबले नाही. विमानातल्या ५० पैकी ४९ जणांचा मृत्यू झाला.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर अंधार पडल्यानंतर जपानच्या तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर जाऊन थांबले. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन ते निघाले होते. नियंत्रकाने त्याला धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत जायला सांगितले होते आणि उड्डाणाच्या रांगेत त्याचा पहिला क्रमांक असल्याचे कळवले होते. वैमानिकाची समजूत झाली, की धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली. सुमारे ४० सेकंदांनी उतरणारे एअरबस ए३५० त्यावर आदळले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला, एअरबसमधले ३७९ जण जळत्या विमानातून सुखरूप बाहेर पडले. त्या ठिकाणचा लाल स्टॉप बार दुरुस्तीसाठी बंद होता. त्यानंतर जपानमध्ये वैमानिकांना असा क्रमांक सांगणे काही काळ थांबवण्यात आले.

तिन्ही घटनांत विमाने धडधाकट होती, हवा आड आली नव्हती. लॉस एंजेलिसला नियंत्रकाला धावपट्टी मोकळी आहे असे वाटले. लेक्सिंग्टनला वैमानिकांना आपण बरोबर धावपट्टीवर आहोत असे वाटले, हानेदाला परवानगी मिळाली असे वाटले. खात्री चुकीची होती आणि अंधारामुळे ती तपासायला पुरेशा खुणा समोर नव्हत्या, किंवा ज्या होत्या त्यांच्याकडे लक्ष गेले नाही.

मुंबईशी याचा संबंध काय?

जागा ओळखण्यातली चूक मुंबईला जुनी आहे. देशातल्या पहिल्या फ्लाइंग क्लबांपैकी एक असलेला बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन आणलेले छोटे पस मॉथ विमान जुहूलाच उतरले. पुढे सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला आणि दोन धावपट्ट्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या, की अनुभवी वैमानिकही फसले. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. दोन्ही वेळा कोणाचा जीव गेला नाही. या चुका उतरतानाच्या आहेत, टॅक्सीइंगच्या नाहीत. पण मुळाशी तीच गोष्ट आहे : मी कुठे आहे, याबद्दलची चुकीची खात्री.

जमिनीवरच्या अंधाराची किंमतही मुंबईने मोजली आहे. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. सहवैमानिकाचा संकेत समजण्यात घोटाळा झाला, असे त्या वेळच्या प्राथमिक माहितीत सांगण्यात आले होते. विमान मोठे होते, पण धडा छोट्या विमानालाही तितकाच लागू आहे : जमिनीवरचा माणूस दिसत नसेल, तर विमान हलवायचे नाही.

आज मुंबईत विमान उडवायला शिकायचे तर शहराबाहेर जावे लागते. बॉम्बे फ्लाइंग क्लबनेही उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला नेले. गिरगावच्या चाळीतला किंवा दादरच्या जुन्या इमारतीतला एखादा मुलगा वा मुलगी वैमानिक व्हायचे ठरवते, तेव्हा घरचे ठेवी मोडतात, कर्ज काढतात आणि लाखो रुपये भरतात. त्या पैशात प्रत्येक तास मोजून मिळतो. म्हणूनच तास कशाचे मोजले जातात, हा प्रश्न घरापर्यंत येतो.

नियम काय मोजतो?

भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी विमान नियम, १९३७ नुसार किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात रात्रीचे किमान पाच तास आणि त्या पाच तासांत किमान १० उड्डाणे व १० लँडिंग. म्हणजे २०० तासांत रात्रीचा वाटा किमान अडीच टक्के.

या अडीच टक्क्यांतही मोजली जातात ती उड्डाणे आणि लँडिंग. रात्री किती वेगवेगळ्या विमानतळांवर टॅक्सीइंग केले, अनोळखी एप्रनमधून धावपट्टीपर्यंतचा रस्ता किती वेळा स्वतः शोधला, याचा स्वतंत्र आकडा नाही. दहा लँडिंग एकाच ओळखीच्या धावपट्टीवर, एका मागोमाग एक केली तरी अट पूर्ण होते. तिथला टॅक्सीवे त्या मुलाला दिवसा पाठ झालेला असतो. एकच रस्ता, एकच वळण. तो रात्रीचे टॅक्सीइंग शिकलाच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

पुढे हाच वैमानिक एखाद्या रात्री गुंतागुंतीच्या मोठ्या विमानतळावर उतरतो. मुंबईच्या विमानतळावर तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. तिथे त्याच्यासमोर एकदम डझनभर टॅक्सीवे, शेकडो दिवे आणि घाईत बोलणारा रेडिओ येतो. मोठ्या विमानात शेजारी अनुभवी कॅप्टन असतो. छोट्या विमानात तो एकटा असू शकतो.

टॅबलेटवरचा नकाशा पुरेसा नाही का?

यावर एक उत्तर हमखास येते : आता जीपीएस आहे, टॅबलेटवर विमानतळाचा नकाशा आणि त्यावर सरकणारे स्वतःचे चिन्ह दिसते, मग रस्ता चुकणार कसा? हा मुद्दा खोटा नाही. लेक्सिंग्टनच्या वैमानिकांसमोर असा नकाशा असता तर कदाचित ती वेळ आली नसती. ज्याला तो परवडतो त्याने तो जरूर वापरावा.

पण नकाशा आपली जागा सांगतो, परवानगी सांगत नाही. हानेदाच्या वैमानिकाला तो कुठे आहे हे माहीत होते, तिथे थांबायचे होते हे त्याच्या डोक्यात नव्हते. नकाशावर दुरुस्तीसाठी ठेवलेले अडथळे, उभी गाडी किंवा चालणारा माणूस दिसत नाही. आणि स्क्रीन नजरेला आत ओढते. ज्या पाच सेकंदांत विमान २८ मीटर जाते, ते पाच सेकंद स्क्रीनवरही जाऊ शकतात. गुगल मॅप पाहत गाडी चालवणाऱ्यांची मुंबईला वेगळी ओळख करून द्यायला नको.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रशिक्षण आधीच महाग आहे, त्यात आणखी अटी कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच उपाय स्वस्त असायला हवा. सुदैवाने टॅक्सीइंगला फार इंधन लागत नाही.

काय बदलायला हवे?

पहिले, रात्रीच्या पाच तासांत टॅक्सीइंगची वेगळी नोंद असावी. किमान दोन वेगळ्या विमानतळांवर, त्यातला एक नियंत्रण कक्ष असलेला, विद्यार्थ्याने मार्ग लिहून घेऊन, परत वाचून, स्वतः शोधत जावे आणि प्रशिक्षकाने त्यावर सही करावी. तासांची संख्या वाढवायची गरज नाही, आहेत त्याच तासांचा वापर बदलायचा आहे.

दुसरे, थांबण्याचा सराव द्यावा. प्रशिक्षकाने मुद्दाम अवघड मार्ग द्यावा आणि विद्यार्थी कधी थांबतो ते पाहावे. न थांबता चुकत पुढे गेला तर तो नापास, थांबून ‘जागा कळत नाही’ म्हणाला तर पास. आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात याच्या उलट गणित असते, कारण रेडिओवर अडखळणे म्हणजे कच्चेपणा असे त्यांना वाटते. परीक्षेतच थांबण्याला गुण मिळाले, तर ही लाज जाईल.

तिसरे, छोट्या धावपट्ट्यांची देखभाल. पुसट झालेली पिवळी रेषा आणि विझलेला निळा दिवा यांना बातमीमूल्य नसते. राज्यात नव्या विमानतळांच्या घोषणा होत राहतात, टर्मिनलची चित्रे छापून येतात. जिथे विद्यार्थी रात्री शिकतात त्या जागी रंगाचा डबा आणि बदली दिवे वेळेवर पोहोचतात का, हा प्रश्नही तितक्याच जोराने विचारला जायला हवा.

याला विरोध होईल तो बहुधा ‘एवढ्याशा गोष्टीसाठी नियम कशाला’ असा. पण टेनेरिफ, लेक्सिंग्टन आणि हानेदा ही तिन्ही ठिकाणे एवढ्याशा गोष्टीसाठीच लक्षात राहिली आहेत : चुकलेले वळण, समजण्यात चुकलेले वाक्य, मनात आलेली आणि गिळून टाकलेली शंका.

लालबागच्या रस्त्यावर बांबू धरून चालणाऱ्या कार्यकर्त्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. वायर मूर्तीला लागेल असे वाटले की तो ओरडतो. कधी वायर दोन हात लांब असते, त्याचा अंदाज चुकलेला असतो. तरी ट्रॉली थांबते, सगळे वर पाहतात, मग मिरवणूक पुढे निघते. रात्री एकट्याने विमान धावपट्टीकडे नेणाऱ्या विशीतल्या वैमानिकाला ‘थांब’ म्हणण्याची हीच मोकळीक मिळायला हवी, आणि ती त्याच्या पहिल्या पाच तासांतच मिळायला हवी.